वही कोणाची, सही कोणाची

एप्रिलमध्ये पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला आणि आठवड्याभरात भाची बेळगावहून रात्रीच्या बसने आमच्याकडे उतरली. पाठीवर सॅक, सॅकमध्ये बंगळुरूतल्या कॉलेजांची माहितीपत्रकं. चहा होईपर्यंत तिने ती टीपॉयवर पत्त्यांसारखी मांडली. साधं बी.कॉम. त्यात शोधावं लागत होतं. बी.कॉम. ऑनर्स, बी.कॉम. इंटरनॅशनल फायनान्स, बी.कॉम. स्ट्रॅटेजिक फायनान्स, बी.कॉम. अॅनालिटिक्स, शिवाय बीबीएची चार भावंडं. ‘मामा, नाव वाचतानाच दम लागतोय बघ,’ ती म्हणाली.

तिच्या आजोबांचं बेळगावच्या खडेबाजारात कापडाचं दुकान होतं. शिक्षण सातवी. पण रोज संध्याकाळी कीर्द लिहिल्याशिवाय दुकानाची फळी पडत नसे, आणि तेरीज जुळेपर्यंत घरी जेवणाची पानं थांबत. लक्ष्मीपूजनाला नवी वही, पहिल्या पानावर ‘श्री’, हळदकुंकू. आयकराचा माणूस आला की तीच वही पुढे करायची आणि तिच्याखाली आपणच सही ठोकायची. माहितीपत्रकं चाळताना माझ्या मनात तीच वही होती. ही मुलगी शिकून कोणाच्या वह्या लिहिणार, आणि त्यांच्याखाली सही कोण करणार?

हा प्रश्न काही आजचा नाही. 1913 साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झालं, आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज. त्याच वर्षीच्या कंपनी कायद्याने कंपन्यांचे हिशेब कोणी तपासायचे, म्हणजे ताळेबंदाखाली कोणाची सही चालणार, हे सरकारच्या दाखल्यावर ठरू लागलं. कापसाचा, सुताचा, जहाजांचा पैसा मुंबईत फिरत होता आणि मोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदाखाली साहेबाच्या पेढीची सही असे. सिडनहॅम उभं राहावं म्हणून खपलेले कल्याण सुब्रमणी अय्यर स्वतः हिशेबतपासनीस होते. 1918 मध्ये मुंबई सरकारने अकाउंटन्सीची पदविका सुरू केली. पुस्तकी परीक्षेबरोबर तीन वर्षं मुरलेल्या हिशेबतपासनिसाच्या हाताखाली उमेदवारी करायची अशी तिची अट. आजची आर्टिकलशिप ती हीच. पुढे 1 जुलै 1949 रोजी इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सची स्थापना झाली. देशाची राज्यघटना लागू व्हायच्या आधी सहीचा कायदा लागू झाला होता. तेव्हापासून पदवी विद्यापीठाची आणि सही इन्स्टिट्यूटची अशी वाटणी आहे. बी.कॉम. झालेल्याला वही लिहिता येते, तपासून सही करता येत नाही.

सिडनहॅमचं नाव निघालं की एका प्राध्यापकाला ओलांडून पुढे जाता येत नाही. नोव्हेंबर 1918 पासून मार्च 1920 पर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे अर्थशास्त्र शिकवत होते. मग ते लंडनला परतले, आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ छापून आला. रुपया कसा मोजायचा हे शिकणाऱ्या पोरांसमोर त्या वेळी असा माणूस उभा होता, जो रुपयाचा भाव कोण ठरवतो आणि त्यात कोणाचं नुकसान होतं हे विचारणार होता. कॉमर्सच्या वर्गात असा एक तरी शिक्षक असावा. तो बहुतेक वर्गांत नसतो. हे माझं मत, आणि तीस वर्षं पोरांशी बोलून बनलेलं आहे.

आता बंगळुरू. हे गावच एकदा हिशेबात निघालेलं आहे. शहाजीराजांच्या जहागिरीचं हे ठाणं. व्यंकोजींनी ते विकायचं ठरवलं, मध्येच मोगल सरदार कासिमखान येऊन बसला, आणि 1687 मध्ये तीन लाख रुपयांना ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांकडे गेलं. पुढेही म्हैसूरच्या दप्तरात कानडीबरोबर मराठीत हिशेब लिहिले जात. म्हणजे परक्या राज्याची वही लिहायला माणसं जातात, हा धंदा जुना आहे, आणि तो आपल्याच लोकांनी केलेला आहे. नाक मुरडायचं कारण नाही.

आजच्या बंगळुरूच्या दोन वाटा दोन लागोपाठच्या वर्षांत सुरू झाल्या. 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने इथे आपलं केंद्र उघडलं. परदेशी कंपनीचं काम इथल्या माणसांनी इथे बसून करायचं, या पद्धतीची ती सुरुवात. 1986 मध्ये श्यामसुंदर आणि भरत गोएंका या बापलेकांनी एक कंपनी काढली, तिच्यातून टॅली निघालं. आज सांगलीच्या हळद व्यापाऱ्यापासून मालवणच्या औषधवाल्यापर्यंत ‘टॅली येतं का?’ हा नोकरीचा पहिला प्रश्न असतो, ती वही बंगळुरूची आहे. एक वाट परक्याच्या वहीची, दुसरी आपल्या वहीची. पहिली वाट आठ पदरी झाली. गोल्डमन सॅक्ससारखी बँक 2004 मध्ये इथे आली. आज अशा केंद्रांची देशातली संख्या 1,700 च्या पुढे आहे आणि त्यांचं सर्वांत मोठं गाव बंगळुरूच. सगळी काही हिशेबाची नाहीत, पण आउटर रिंग रोडवरच्या काचेच्या इमारतींतले कितीतरी मजले फक्त जमाखर्चाचे आहेत.

तिथे काय चालतं? महिनाअखेर म्हणजे तिकडे सुगी. ओहायोतल्या कारखान्याची बिलं, टेक्सासमधल्या गोदामाचा साठा, लंडनच्या कार्यालयाचा पगारखर्च, सगळ्याच्या नोंदी जुळवायच्या, फरक शोधायचा, कारण लिहायचं, वर पाठवायचं. याला ‘क्लोज’ म्हणतात. कामाच्या चौथ्या दिवशी क्लोज झालाच पाहिजे, म्हणून मुलं रात्रीच्या कॅबने येतात-जातात. काम खोटं नाही, हलकंही नाही. मात्र प्रत्येकाकडे वहीचा एकच रकाना असतो. कोणी फक्त देणी बघतो, कोणी फक्त घसारा. पाच वर्षं घसारा लावलेल्या एका मुलाला मी विचारलं, ती कंपनी नफ्यात आहे का? तो हसला. ‘सर, ते आमच्या स्कोपमध्ये नाही.’

तेरीज जुळली नाही तर आजोबांना उपाशी बसावं लागे, म्हणून त्यांना धंदा कळत होता.

अमेरिकेला ही माणसं का लागतात, त्याचं कारण त्यांच्या कॉलेजांत आहे. तिथे सीपीए, म्हणजे तिकडचा सीए, व्हायला परीक्षेशिवाय 150 क्रेडिट तासांची अट होती. चार वर्षांची पदवी 120 तासांत संपते, म्हणजे वर एक वर्षाचा खर्च. मुलं अकाउंटिंगकडे फिरकेनाशी झाली. 2025 मध्ये ओहायोसारख्या राज्यांनी ही अट सैल करायला सुरुवात केली, तोवर कामाचा ओढा इकडे वळला होता. आणि हा ओढा इथल्या कॉलेजांनी अचूक हेरला. पदवीच्या पोटात लंडनची एसीसीए बसवली, तेरा पेपरांपैकी नऊपर्यंत सूट मिळते असं सांगितलं. कुठे अमेरिकेची सीएमए बसवली, दोनच पेपर. या सीएमएची आणखी एक गंमत: कोलकात्याच्या आपल्या कॉस्ट अकाउंटंट्सच्या संस्थेचीही पदवी सीएमएच, आणि पालक दोन्ही एकच समजून फी भरतात. माहितीपत्रकावर जे ठळक छापलेलं नसतं ते असं: एसीसीए झालेल्या मुलाला भारतातल्या एखाद्या कंपनीच्या वैधानिक ऑडिटवर सही करता येत नाही. ती सही फक्त आपल्या सीएची. अमेरिकेच्या सीएमएलाही ती नाही. म्हणजे वही परक्याची, आणि सही इथेही नाही, तिथेही बहुधा नाही.

मग हे अभ्यासक्रम वाईट आहेत का? नाहीत. मी हे भाचीला तिच्या तोंडावर सांगितलं. बेळगाव, निपाणी, चंदगडच्या मुलामुलींना पहिल्या पगारात घरचं कर्ज फेडता येतं, ते या मजल्यांमुळेच. रात्रपाळीला कॅब घरापर्यंत सोडते म्हणून कितीतरी मुलींना घरून परवानगी मिळाली. सीएच्या वाटेवर चार-चारदा ग्रुप राहिलेली, तिशीला टेकलेली पोरं मी पाहिलेली आहेत. त्यांच्यापेक्षा ही बरी. माझं भांडण पगाराशी नाही. पदवीची तीन वर्षं एकाच मालकाच्या वहीच्या मापाने शिवली जातात, त्याच्याशी आहे.

परक्याची हिशेबभाषा शिकून आपला धंदा वाढवता येतो, याचं उदाहरण याच गावात आहे. इन्फोसिस 1981 मध्ये पुण्यात जन्मली, 1983 मध्ये बंगळुरूला आली आणि मार्च 1999 मध्ये नॅसडॅकवर नोंदली गेलेली पहिली भारतीय कंपनी झाली. त्या काळात तिचे ताळेबंद वेगवेगळ्या देशांच्या हिशेबपद्धतींत मांडून छापले जात. ते काम पाहणारे मोहनदास पै इथल्याच सेंट जोसेफ्स कॉलेज ऑफ कॉमर्सचे साधे बी.कॉम., मग सीए. ब्रिगेड रोडवरच्या त्या कॉलेजच्या पदवीत तेव्हा लंडनही नव्हतं आणि न्यू यॉर्कही. होती ती जमाखर्चाची बैठक. ती पक्की असली की अमेरिकेचे नियम सहा महिन्यांत येतात. उलटं होत नाही.

आणि वही कशी लिहू नये, याचं उदाहरणही इथलंच. बायजूजने 2021-22 चे हिशेब वेळेत दिले नाहीत, म्हणून जून 2023 मध्ये डेलॉइटने ऑडिटरपद सोडलं. जगातली सर्वांत मोलाची शिक्षणकंपनी म्हणून जिचा गवगवा झाला, तिची वर्षाची वही मिळत नव्हती. ज्या शहरात इतक्या मजल्यांवर चौथ्या दिवशी अमेरिकेची वही बंद होते, त्याच शहरात हे घडलं. नोंद कशी करायची हे शिकवणं सोपं आहे. नोंद दाखवा, नाहीतर मी उठतो, हे म्हणायला शिकवणारा पेपर कुठल्याही नावाच्या बी.कॉम.मध्ये मला सापडला नाही. तो पूर्वी उमेदवारीत शिकायला मिळे, ज्येष्ठाच्या शेजारी बसून. ती आर्टिकलशिपही आता तीनाची दोन वर्षं झाली आहे.

नावांचा खेळ फक्त कर्नाटकातच आहे असं समजू नका. 2024 मध्ये एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीएमएस, बीसीए आपल्या अखत्यारीत घेतले. महाराष्ट्रात त्यांना सीईटी लागली, जागा भरपूर आणि परीक्षार्थी अपुरे झाले, पुन्हा जादा सीईटी घ्यावी लागली. अनेक कॉलेजांनी काय केलं? बीएमएसचं नाव बदलून बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज केलं. वर्ग तोच, बाक तोच, शिक्षक तोच. पाटी बदलली आणि नियम सुटला. इकडे कर्नाटकाने 2021 मध्ये चार वर्षांची पदवी आणली आणि 2024 मध्ये पुन्हा तीनवर आणली. राज्याचं शैक्षणिक धोरण ठरवायला नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष अमरावती जिल्ह्यातले, आपले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात. तीनच वर्षं ठेवा हे त्यांचं म्हणणं मला पटतं. गरिबाच्या घरी चौथं वर्ष म्हणजे एका वर्षाची मिळकत गेली. पण मधल्या तीन तुकड्यांच्या मुलांनी कोणता अभ्यासक्रम शिकला हे मुलाखतीत समजावताना त्यांची जी दमछाक होते, तिचा हिशेब कोणीच ठेवलेला नाही.

भाचीने शेवटी साधं बी.कॉम. घेतलं, सकाळचं कॉलेज. दुपारी सीएचा क्लास, फाउंडेशनची तयारी. ग्रुप राहिले तर एसीसीएचा रस्ता उघडा आहेच, असं ती स्वतःच म्हणाली. मी काही बोललो नाही. दिवाळीला घरी जाऊन दुकानाचं टॅली ती आपल्या हाताने बंद करणार आहे, कारण बाबांचा हिशेबनीस सोडून गेला.

तुमच्या घरात यंदा कोणी बारावीला असेल, तर प्रवेशाच्या टेबलावर प्लेसमेंटचा आकडा विचाराच, तो सगळेच विचारतात. त्याआधी एवढं विचारा: इथे ऑडिट शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी स्वतः शेवटची सही कधी केली? उत्तर मिळेपर्यंत फी भरू नका.