रात्रीचा माग थांबव

नागपूर

चि. प्रणय,

रात्री अकरापर्यंत मागावर बसतोस आणि जितकं बसावं तितका काठ बिघडतो, असं लिहिलंस. पोरा, आठ वाजले की उठत जा.

करवतकाठी साडी विणणं अवघडच आहे. काठांचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे, प्रत्येक फेकीला काठाचा सुती धागा कोशाच्या धाग्यात अडकवायचा, वर पायाखालची पावडी चुकवायची नाही. आंधळगावचे जुने विणकर हे गप्पा मारत करतात, ते पाहून तू खचू नकोस. त्यांच्या मेंदूत हे काम केव्हाच मुरलंय. मुरायला वेळ लागतो आणि त्यातला बराचसा वेळ मागापासून दूरचा असतो.

१९९७ साली शदमेहर आणि होलकॉम्ब या संशोधकांनी एक नवी हालचाल शिकलेल्यांचे मेंदू तपासले. सहा तासांनंतर हात तितकाच सफाईदार होता. पण कपाळामागच्या भागावरचा भार हालचाल आखणाऱ्या भागांकडे आणि लहान मेंदूकडे सरकला होता. मधल्या वेळात वेगळा सराव नव्हता. २००२ मध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी बोटांनी ठरावीक क्रमात कळा दाबायला शिकवलं. रात्रीच्या झोपेनंतर वेग सुमारे २० टक्के वाढला, चुका वाढल्या नाहीत. दिवसभर जागं राहून तेवढा फरक पडला नाही. काही अभ्यासक म्हणतात, यातला काही भाग नुसता थकवा उतरल्याचा आहे. असेल. तुला दोन्ही हवेच आहेत.

आणखी एक. करवतीचा हात बसत असतानाच संध्याकाळी दुसऱ्या काठाची नक्षी शिकायला घेतोस, ते सोड. १९९६ च्या एका प्रयोगात एकमेकींना छेद देणाऱ्या दोन हालचाली लगोलग शिकवल्या, तेव्हा पहिली विसकटली. मध्ये चार तास गेले तेव्हा टिकली. पुढच्या काही प्रयोगांत चार तासही पुरले नाहीत. म्हणून तू आधी करवतीचा हात पक्का होऊ दे, नवी नक्षी नंतर. चुकत गेलेला हात तसाच रेटलास, तर चुकीचीच सवय लागेल.

भाऊजींना मी वेगळं पत्र टाकतेय. साडी चार दिवस उशिरा उतरली तर बाजारात काय होतं, हे मला ठाऊक आहे, तरी लिहितेय. वॉकरच्या प्रयोगात पहाटेकडची हलकी झोप ज्यांना जास्त मिळाली, त्यांचा हात जास्त सुधारला होता. निदान या महिन्यात तरी तुला चारला उठवू नका, असं त्यांना सांगणार आहे.

तुझी,
मावशी