पाचवं कारण



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६.

कुठलंही काम घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत इथे सांगतात. अधिष्ठान म्हणजे काम जिथे होतं ती जागा, कर्ता, करण म्हणजे साधनं, वेगवेगळ्या चेष्टा म्हणजे क्रिया, आणि पाचवं दैव. इंजिनिअरिंगला असताना हे पहिल्यांदा वाचलं आणि फार आवडलं. सर्व्हर बंद पडला की आम्ही कारणांची यादी करतो, अगदी तशीच ही यादी. पण त्यातलं पाचवं कारण मला भिडलं ते २०१९ च्या दिवाळीत, काकांच्या शेतात.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, सोयाबीनच्या पट्ट्यात. त्या वर्षी सोयाबीन कापून शेतात पडलं होतं आणि पाऊस काही उघडत नव्हता. अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ होतं, ते सरतंय तोवर मागून महा आलं. ताडपत्री काढून गंजी उचकटली तर आतून वाफ आली. शेंगांतल्या दाण्यांना कोंब फुटले होते. काका काहीच बोलत नव्हते. धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "काका, गीतेत सांगितलंय, आपण कर्म करायचं, फळाची आशा ठेवायची नाही."

काका चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "खरंय. तुझा पगार पाऊस बघून येतो का रे?"

तो प्रश्न कित्येक दिवस डोक्यातून गेला नाही. मी चुकीचं सांगितलं होतं का? उपदेश तर खरा आहे. पण भगवंतांनी तो कुठून केला? अर्जुनाच्याच रथावरून, हातात लगाम धरून. बाण आले असते तर दोघांवर आले असते. मी मात्र महिनाअखेरच्या पगाराच्या भरवशावर बोलत होतो. ज्याचं स्वतःचं काही पणाला लागलेलं नाही, त्याला दुसऱ्याला निष्काम व्हायला सांगणं फार सोपं जातं.

मग ती यादी शेताला लावून पाहिली. अधिष्ठान, ती काळी जमीन. कर्ता, काका. करण, बियाणं, तिफण, ट्रॅक्टर. चेष्टा, पेरणी, कोळपणी, फवारणी. ही चार माणसाच्या हातातली, पाचवं आभाळात. पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस हवा, नाहीतर दुबार पेरणीची पाळी. ऑगस्टमध्ये फुलं आणि शेंगा धरताना ओल हवी. काढणीला मात्र कोरडं ऊन हवं. ऑगस्टमध्ये ज्याची वाट बघायची, तोच पाऊस ऑक्टोबरमध्ये नकोसा होतो. २०१९ ला तो जाता जाईना, आणि २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. काकांनी पहिल्या चार कारणांत दोन्ही वर्षी काहीच कमी केलं नव्हतं.

इथे माझ्यातला इंजिनिअर अडतो. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. अरबी समुद्रही तापतोय. हे तापवलं कुणी? अमुक एक सर माझ्या एसीमुळे पडली, असं कुणी म्हणू शकत नाही. अवकाळी आणि दुष्काळ आजोबांच्या काळातही होते, १९७२ तर आमच्याकडे अजून घरोघरी आठवतात. पण आता जी तापमानवाढ होतेय, ती कोळसा आणि पेट्रोल जाळून, म्हणजे माणसाच्या चेष्टांमधून होतेय. काकांच्या यादीत जे पाचव्या ओळीवर दैव म्हणून येतं, त्यातला थोडा भाग माझ्या यादीत चौथ्या ओळीवर येतो. त्याला 'देवाची मर्जी' म्हणून हात झटकणं ही भक्ती नव्हे.

आणि सोळावा श्लोक तर थेट माझ्यावरच आहे. पाच कारणं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, असा त्याचा भाव. माझी नोकरी हे माझ्या मेहनतीचं फळ, असंच मी मानत आलो. पण माझ्या कॉलेजची फी सोयाबीनच्या पट्टीतून भरली गेली. त्या चार वर्षांत पाऊस वेळेवर पडला, म्हणून मी आज पुण्यात आहे. पाऊस बघून पगार येतो का? हो काका, येतो. फक्त माझा पाऊस आधीच पडून गेला.

२०२० पासून पेरणीचा अर्धा खर्च मी देतो. पीक गेलं तर अर्धं नुकसान माझं. काका आधी नको म्हणाले, मग म्हणाले, "बरं, वहीत लिहून ठेव." २०२३ च्या त्या ऑगस्टमध्ये मी रात्री उठून उठून लातूरचा अंदाज बघत होतो. फळाची आशा सोडणं किती अवघड आहे, ते तेव्हा कळलं. काकांना हे श्लोक पाठ नाहीत. पुढच्या जूनमध्ये वाफसा आल्यावर त्यांनी पुन्हा तिफण धरली.

आजचा संकल्प छोटासा आहे. ताटावर बसताना पाचही कारणं आठवूया. आणि कुणाला "फळाची आशा सोड" म्हणण्याआधी, आपण त्याच्या रथात बसलोय का, तेवढं बघूया.

राम कृष्ण हरी.