कादंबरीकडून पुरावा, आत्मचरित्राकडून करमणूक

तुझी वही वाचून झाली. अक्षर सुरेख आहे. एवढं कौतुक आधीच करून घेतो, कारण पुढे करण्यासारखं फारसं काही सापडलं नाही. प्रत्येक पुस्तकाच्या नावाखाली दोन ओळी आणि पाचपैकी गुण! बर्डीवर पोह्यांच्या गाडीशी उभं राहून 'तर्री थोडी अजून पायजे होती' म्हणावं, तशी तुझी मतं. आणि ही वही घेऊन तू वाचनालयाच्या कार्यक्रमात 'मराठी कादंबरी आणि आत्मकथन' या विषयावर बोलणार आहेस! मला दाखवायला आणलीस ते बरं केलंस. आता ऐकून घे.

'धग'खाली लिहिलं आहेस : 'फार दुःखी. वऱ्हाडी बोलीमुळे वाचनाचा वेग कमी होतो.' काहून बाप्पा? घरी आजीशी बोलताना तुझा वेग कमी होतो का? उद्धव शेळक्यांनी 1960 साली ही कादंबरी दिली, तेव्हा आपल्याकडच्या माणसांना त्यांच्याच तोंडी बोलतं केलं. ती बोली ज्याला अडथळा वाटते, त्याने नायिका कौतिक ऐकलेलीच नाही. आणि 'फार दुःखी' हे पुस्तकाविषयीचं मत कसं होईल? ती तुझ्या दुपारची हकिगत झाली. कौतिकचा नवरा महादेव कामाला अंग चोरतो, संसाराचं ओझं तिच्या डोक्यावर टाकतो, आणि पुढे त्याला महारोग होतो. त्याचा राग येतच असतो आणि एका टप्प्यावर तो राग धरवत नाही. शेळक्यांनी त्याला खलपुरुष केलं नाही, देवमाणूसही केलं नाही. तुझा राग कोणत्या पानावर निवला? निवला नसेल तर का नाही? वहीत महादेवचं नावसुद्धा नाही.

'स्वामी'ला मात्र पाचपैकी पाच. शेरा काय, तर 'पेशवाईचा खरा इतिहास कळला.' अरे, रणजित देसाईंनी 1962 साली कादंबरी लिहिली. माधवराव-रमाबाईंच्या मनातलं त्यांनी रचलं, आणि तो त्यांचा हक्कच होता. ज्याला इतिहास हवा त्याने सरदेसाईंच्या 'मराठी रियासती'चे खंड उघडावेत. तू नागपूरचा, म्हणून एक विचारतो. ज्या माधवरावांच्या मरणावर तू डोळे पुसलेस, त्यांच्या आणि निजामाच्या फौजांनी 1765 साली हे आपलं नागपूर लुटलं आणि जाळलं, हे तुला ठाऊक होतं? नागपूरच्या जानोजी भोसल्यांशी त्यांचं वैर 1769 च्या कनकापूरच्या तहापर्यंत चाललं. हे माहीत असून 'स्वामी' वाचताना गळा दाटला असता, तर ती कादंबरीकाराची ताकद म्हणून सांगता आली असती. तुला माहीतच नव्हतं, त्यामुळे तुझं रडणं फुकट गेलं.

बरं, इथे कादंबरीला इतिहास मानलंस. आता पुढचं पान बघ. 'कोसला'खाली : 'नायक काहीच करत नाही. लेखकाने स्वतःचंच आयुष्य लिहिलेलं दिसतं.' लेखक नेमाडेही सांगवीचे, नायक पांडुरंगही सांगवीकर, झाला निकाल! पांडुरंगची बहीण मनी देवीने मरते, त्यानंतरची वाक्यं कशी तुटत जातात ते पाहिलंस का? उद्याचे संशोधक आजच्या गावाचा इतिहास खोदून काढतात, तो भाग हसत वाचलास की उडवलास? खरं-खोटं तपासायला तू पोलीस पाटील नाहीस.

आणि आत्मकथनांपाशी आलास की नेमकं उलटं. तिथे माणूस आपलं जगणं समोर ठेवतो, तर तुला गोष्ट हवी. 'बलुतं : प्रसंग मागेपुढे उड्या मारतात, कथानक बांधीव नाही.' दया पवारांनी 1978 साली दगडू मारुती पवार आणि दया पवार अशी दोन माणसं समोरासमोर बसवली. एक सांगतो, दुसरा ऐकतो. शिकून बाहेर पडलेल्या माणसाला आपल्याच भूतकाळाशी कसं बोलावं लागतं, ते त्या मांडणीतच आहे. ती मांडणी तुझ्या लक्षात आली नाही आणि दोष तू पुस्तकाला दिलास.

सुनीता देशपांड्यांच्या 'आहे मनोहर तरी'वरचा शेरा वाचून तर मी वही मिटून ठेवली होती. 'पुलंबद्दल असं लिहायला नको होतं.' 1990 पासून हे वाक्य मी ऐकतो आहे, बहुतेक वेळा पुस्तक न वाचलेल्यांकडून. तू वाचून तेच म्हणतोस, हे जास्त वाईट. सुनीताबाईंच्या पुस्तकात तू सुनीताबाईंना शोधलंच नाहीस, त्यांच्या नवऱ्याची, पुलंची वकिली करत बसलास. त्या स्वतःलाही सोडत नाहीत, हे तुला दिसायला हवं होतं.

'स्मृतिचित्रे' : 'खुसखुशीत, हलकंफुलकं.' लक्ष्मीबाई टिळकांचे वडील सोवळ्यापायी मीठसुद्धा धुवायला लावायचे. हसलास ना? हसायचंच. पण त्या घरातल्या बायकांना ते मीठ धुवावं लागत होतं. नवरा 1895 साली ख्रिस्ती झाला, त्यानंतरची कित्येक वर्षं लक्ष्मीबाईंनी त्याच्यापासून दूर काढली. ते दुःख ही बाई रडका सूर न लावता सांगते, ते कसं, याचा एक शब्द तुझ्या वहीत नाही. 'हलकंफुलकं' म्हणे!

विश्राम बेडेकर घे. जन्म अमरावतीचा. 1939 साली त्यांनी 'रणांगण' लिहिली, युरोपातून ज्यू निर्वासितांना घेऊन निघालेल्या बोटीवरची. पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्यांच्या आत्मचरित्राला, 'एक झाड आणि दोन पक्षी'ला, आणि त्यात ते स्वतःविषयी परक्या माणसासारखं, तृतीयपुरुषात लिहितात. तू 'रणांगण'ला 'छोटी पण छान' म्हणून सोडलंस आणि दुसरं पुस्तक हातात घेतलंच नाहीस. दोन्ही शेजारी ठेवून वाच. स्वतःविषयी लिहिणारा माणूसही पात्र घडवत असतो, आणि बोटीची गोष्ट रचणारा माणूस आपल्या काळाची साक्षही देत असतो, हे माझ्या व्याख्यानाशिवाय कळेल.

नारायण धारपांच्या भयकथांना 'हे साहित्य नव्हे' म्हणून गुण दिलेच नाहीस. भीती वाटली का, एवढंच सांग. वाटली असेल तर ती त्यांनी कशी वाटायला लावली, तेही सांग. बाकी तोरा नको.

वहीत काय नाही, तेही सांगायला हवं. याच शहरात राहून लिहिणाऱ्या आशा बगे तुला आठवल्या नाहीत. त्यांच्या 'भूमी'ला 2006 चा अकादमी पुरस्कार आहे. कौसल्या बैसंत्रींचं 'दोहरा अभिशाप' नाही. ते हिंदीत आहे म्हणून टाळलंस म्हणावं, तर हिंदी सिनेमाला तुझं हिंदी पुरतं. एम्प्रेस मिलमध्ये राबणाऱ्या आईबापांची ही मुलगी, मातृभाषा मराठी, आणि नागपूरच्या दलित वस्तीतलं आयुष्य तिने 1999 साली हिंदीत लिहिलं. आपल्याच शहरातला हा भाग तुला ठाऊक नाही, आणि 'आत्मकथनांचा आढावा' घ्यायला निघालास!

मत असू नये, असं मी म्हणत नाही. कुसुमावती देशपांडे इथेच मॉरिस कॉलेजात शिकवायच्या. त्यांनी 'मराठी कादंबरी : पहिले शतक' लिहिलं तेव्हा शंभर वर्षांच्या कादंबऱ्यांवर निवाडे दिलेच, आणि काही चांगले कडक दिले. पण पुस्तकाने काय करायचं ठरवलं होतं ते आधी सांगायचं, ते कुठे साधलं, कुठे फसलं ते दाखवायचं, मग बोलायचं. तू पहिल्या दोन पायऱ्या गाळल्यास आणि थेट गुण वाटत बसलास.

तेव्हा या वहीतलं काहीही त्या कार्यक्रमात बोलायचं नाही. संयोजकांना कळव की विषय बदलला आहे, तू एकाच पुस्तकावर बोलणार आहेस. 'धग' पुन्हा वाच. महादेवविषयी एक पान लिही. 'मला आवडलं' किंवा 'मला कंटाळा आला' असं एकही वाक्य त्यात चालणार नाही, आणि गुण तर मुळीच नकोत. रविवारी सकाळी घेऊन ये. लिहिलं नसेल तर येऊ नकोस.