प्रेमात पडलेला शेक्सपिअर आणि ऐकणारा शेक्सपिअर

‘शेक्सपिअर इन लव्ह’ हा चित्रपट १९९८ साली आला, पुढच्या मार्चमध्ये त्याने सात ऑस्कर पटकावले आणि लेखकाच्या प्रेमाविषयीची एक जुनी समजूत नव्याने पक्की करून टाकली. गोष्ट १५९३च्या लंडनमधली. तरुण विल शेक्सपिअरची लेखणी अडली आहे. रोमिओ आणि कुण्या चाच्याची मुलगी यांची हलकीफुलकी कॉमेडी त्याने ‘रोझ’ नाट्यगृहाच्या मालकाला कबूल केलीय, पण कागद कोराच आहे. मग नाटकवेडी व्हायोला भेटते, विल प्रेमात पडतो आणि त्या कॉमेडीची ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ होऊन जाते. टॉम स्टॉपर्ड आणि मार्क नॉर्मन यांची पटकथा इतकी चपळ आहे की, हे असंच घडलं असणार, असं दोन तास मनापासून वाटतं.

खरं प्रेम सापडलं की खरं लेखन मागोमाग येतं, ही ती समजूत. आपल्याकडेही ती चांगलीच मुरली आहे. कवितेत विरह दिसला की ‘ती कोण’ याची चौकशी सुरू होते. विशीतल्या कितीतरी लिहित्या मुलामुलींना वाटतं, आपलं लेखन कच्चं आहे कारण आपलं प्रेम अजून जमलेलं नाही, किंवा जमून मोडलेलं नाही. मला ही समजूत घातक वाटते. ती लिहिणाऱ्याचं लक्ष कागदावरून उडवते, आणि ज्या माणसावर प्रेम करायचं त्याला कच्चा माल करून टाकते. तरी हा चित्रपट मला फार आवडतो, कारण तिचं उत्तर त्याच्या पोटातच आहे.

विलचं नाटक पडद्यावर कसकसं तयार होतं ते बघा. दारूच्या गुत्त्यात नाटककार ख्रिस्तोफर मार्लो भेटतो आणि उभ्या उभ्या कथानकाचा धागा देतो. रस्त्यात एक कर्मठ धर्मोपदेशक नाटकवाल्यांच्या नावाने शिव्याशाप देत असतो. विल शेजारून जाताना थबकतो, ऐकतो, आणि त्याच शापाचे शब्द पुढे नाटकात येतात. पात्रनिवडीच्या वेळी जो येतो तो मार्लोच्याच ‘फॉस्टस’मधलं भाषण म्हणतो. एकामागून एक, तेच भाषण. विल खुर्चीत खचत जातो. आणि मग पुरुषवेशातली व्हायोला पुढे येऊन त्याच्या स्वतःच्या जुन्या नाटकातल्या ओळी म्हणते. तो ताडकन सावरून बसतो. तोवर त्याला ती बाई आहे हे माहीतही नाही. त्याला जागं करते ती आपल्या शब्दांना मिळालेली जाण. प्रेम नंतर येतं.

चित्रपटाबाहेरचा इतिहास तर याहून स्पष्ट बोलतो. रोमिओ आणि ज्युलिएटची गोष्ट शेक्सपिअरला कुणा प्रेयसीने दिली नाही. ती आर्थर ब्रूकच्या १५६२ साली छापलेल्या लांबलचक काव्यात तयार होती, आणि ब्रूककडे ती इटलीतून फ्रान्समार्गे आली होती. ब्रूकच्या प्रस्तावनेत आईबापांचं न ऐकणाऱ्या प्रेमिकांना धडा शिकवण्याचा सूर आहे. त्याची कथा काही महिने रेंगाळते. शेक्सपिअरने तीच चारपाच दिवसांत कोंबली, सोळाला टेकलेल्या ज्युलिएटला जेमतेम चौदाच्या उंबरठ्यावर आणलं, आणि दोषारोपाचं बोट त्या पोरांवरून काढून घेतलं. हे निर्णय कथेची नाडी ओळखणाऱ्या कारागिराचे आहेत. एक जागा तर मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. मेजवानीत दोघं पहिल्यांदा बोलतात, तेव्हा त्यांच्या संवादाच्या चौदा ओळी मिळून एक अख्खं सुनीत होतं. पहिल्या चार ओळी त्याच्या, पुढच्या चार तिच्या. मग देवाणघेवाण वाढत जाते आणि शेवटचं यमक तो जुळवतो ते तिच्या ओळीला. दोन अनोळखी माणसं एकमेकांची कविता पुरी करतात. हे सुचायला प्रेमात असणं पुरेसं नाही, सुनीत हातात मुरलेलं असावं लागतं.

व्हायोलाचं म्हणणं आहे की, पोरगेले नट परकर घालून नायिका रंगवतात तोवर रंगमंचावर खरं प्रेम दिसणार नाही. तिची तळमळ रास्त आहे, तर्क मात्र मला पटत नाही. मराठी प्रेक्षकाला तर तो पटूच नये. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग झाला, या पुरुष नटाची भामिनी रंगली. घरी असं दुःख असताना प्रेक्षकांसमोर मात्र एका मानी मुलीच्या प्रेमाची लडिवाळ कहाणी उभी राहत होती. ती खरी वाटली ती रियाजाच्या आणि गळ्याच्या बळावर.

म्हणून व्हायोलाला, बाई असल्यामुळे, रंगमंचावर बंदी होती ती अन्यायाची होती, असं म्हणताना मी प्रेमाच्या सच्चेपणाचा आधार घेणार नाही. तिला नाटक यायचं आणि ते करायची तिची इच्छा होती, एवढं कारण पुरेसं आहे. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगमंचावर बाई उभी राहायला १६६० साल उजाडलं. आपल्याकडे १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, तेव्हाही ती मोठी बातमी होती.

चित्रपटाच्या शेवटची वाटणी यामुळेच मला सलते. नाटकात खरं प्रेम दाखवता येतं की नाही, या पैजेचे पन्नास पौंड विलच्या हाती पडतात, त्यातून नाटक कंपनीत भागीदारीची वाट मोकळी होते, आणि पुढच्या नाटकाची नायिकाही त्याला मिळून जाते, तिच्याच नावाची. व्हायोला नावडत्या नवऱ्याबरोबर जहाजाने व्हर्जिनियाला निघते. संगीत भरून येतं आणि आपण त्या दोघांच्या ताटातुटीवर डोळे पुसावेत अशी अपेक्षा असते. मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. विलला आयुष्यात आणखी पुष्कळ लिहायचं होतं आणि त्याने ते लिहिलं. व्हायोलाला रंगमंच मिळाला तो एका दुपारपुरता. त्या दुपारी तिने ज्युलिएट केली आणि ती उत्तम केली.