दुखणं खरं की कागद खरा?

चार वर्षं झाली, माझ्या पोटात कळ उठते. बेंबीच्या वर सुरू होते, पाठीत शिरते, मग गुडघे छातीशी घेऊन पडून राहायचं. रात्रपाळीला असलो तर मशीनशेजारीच. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली, रक्त-लघवी झाली. कागदावर सगळं नॉर्मल. शेवटी एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं लिहून दिलं, मानसिक ताण. वर तोंडी म्हणाला, ‘तुम्हा लोकांना दवाखान्याची सवयच लागते.’ माझ्या पोटाला त्यानं हात लावला नव्हता.

हे गाऱ्हाणं नाही. सवाल आहे. दुखतं मला, आणि दुखतंय की नाही हे ठरवणार तो. हा हक्क त्याला कुणी दिला? शिक्षणानं दिला म्हणाल, तर अर्धं मान्य. आतड्याचं त्याला कळतं, मला नाही. पण कळ कधी उठते, किती टिकते, कशानं उतरते याचा साक्षीदार मी एकटा. साक्षीदाराला उभंच न करता निकाल देणारी पंचायत आपल्या बापजाद्यांनी पुष्कळ पाहिलीय.

आणि पोट तर हातानंच वाचायचं असतं. अपेंडिक्स सुजलं असेल तर उजवीकडं खाली हळू दाबतात, मग हात झटकन उचलतात. उचलताना माणूस कळवळला की डॉक्टर सावध होतो. म्हणजे स्पर्श ही नुसती माया नाही, ती तपासणी आहे. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त १९२९ सालची हकिगत दिलीय. काठेवाडातल्या एका अस्पृश्य मास्तरची बाळंतीण बायको आजारी. डॉक्टर आला, पण वस्तीबाहेर. थर्मामीटर मुसलमानाच्या हातून दिला, त्याच्याच हातून परत घेतला. न शिवता सांगितलं, न्यूमोनिया. बाई मेली. आजचा डॉक्टर जात विचारत नाही, नुसतं आडनाव वाचतो. माझ्या पोटाला हात न लागण्याचं कारण आडनाव होतं की बाहेरची रांग, ते मी शपथेवर सांगू शकत नाही. पण हात लागला नाही, एवढं पक्कं.

आपलेच काही गडी म्हणतात, सोड डॉक्टर, अमक्या बाबाकडं चल. नाही जाणार! अंगारेवाल्याकडं प्रत्येक दुखण्याचं उत्तर तयार असतं, तिथंच तो खोटा ठरतो. विज्ञान त्याच्या उलट चालतं. पोटातला अल्सर काळजीनं नि तिखटानं होतो, असं डॉक्टर लोक वर्षानुवर्षं सांगत होते. पर्थच्या बॅरी मार्शलनं १९८४ साली जंतूंचा घोट स्वतः प्याला, स्वतःच्या पोटाला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरेनला नोबेल मिळालं. म्हणजे निदानावर शंका घेणं हे विज्ञानाच्या घरातलंच काम आहे. ते आपण केलं की मात्र अडाणीपणा ठरतो.

तयार उत्तराची किंमत बीडच्या बायांना विचारा. २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पोट दुखतं, अंगावरून जातं म्हणून कितीतरी जणी गेल्या होत्या, त्यांना कॅन्सरची भीती घातली गेली. मला ‘काही नाही’ म्हणून काढून दिलं, त्यांना ‘फार काही आहे’ म्हणून कापलं. विचारलं कुणालाच नाही.

समजा, ताणच असेल. तरी दुखणं खोटं होत नाही. आतड्याच्या नसा हळव्या झाल्या तर तपासणीत काही न सापडताही कळ उठते, हे आता डॉक्टरांनाही ठाऊक आहे. पण मग ताण कसला, हे नको विचारायला? बारा तास उभं राहणं, उधारी, झोप मोडणं. हे विचारलं असतं तर ते निदान झालं असतं. न विचारता लिहिलं ते नुसतं दार लावणं.

‘मला अजून कळलेलं नाही, परत या,’ एवढं जो म्हणेल त्याच्यावर मी विश्वास ठेवायला तयार आहे. दोन महिने झाले, वहीत तारीख, वेळ, काय खाल्लं, कोणती पाळी, सगळं लिहितोय. नव्या डॉक्टरीणबाईंपुढं परवा ती वही ठेवली. त्यांनी तीन पानं वाचली, मग म्हणाल्या, ‘आडवे व्हा, बघू कुठं दुखतं ते.’