दुसऱ्यांची मुले आणि आपली मुले

शास्त्रपाठ : १ शमुवेल २:१२-३६, ३:१-१८, ८:१-५



एली याजकाच्या घरी दोन तऱ्हेची मुले वाढली. हन्नाने देवाला वाहिलेला शमुवेल त्याच्या हाताखाली तयार झाला. रात्री तीनदा धावत आलेल्या त्या बालकावर एली चिडला नाही. देवाची हाक कशी ऐकावी हे त्याने त्यास शिकविले. परंतु त्याचे स्वतःचे पुत्र हफनी व फिनहास बिघडले, आणि त्यांची वागणूक एलीला कळली ती लोकांच्या तोंडून! त्याने बोल लावला, पण फार उशिरा.

माळव्यात कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनचे काम १८७७ साली इंदुरास व १८९५ साली धारेस सुरू झाले. तेव्हापासून शिकविणे हा तेथील सेवेचा भाग झाला. धार-देवासकडील मराठी शिक्षकांच्या घरी आज मुलांची शाळा हिंदीतून, तर प्रार्थना मराठीतून होते. दिवसभर पन्नास मुलांशी बोलून आपण थकून घरी येतो, वह्या तपासतो, शनिवारी रात्री शब्बाथ शाळेचा धडा तयार करतो. आपले मूल काही सांगू लागले की म्हणतो, “नंतर सांग.” ते नंतर येतच नाही. वर्गात मात्र, पक्षपात दिसू नये म्हणून, छडी पहिली आपल्याच मुलाला! “बाईंची मुलगी असून उत्तर येत नाही?” हा टोमणा तिने किती सोसावा?

हे केवळ शिक्षकांचे दुःख नाही. देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांना १९०७ पासून माल्कम डार्लिंग यांनी शिकविले. गुरुशिष्यांचा स्नेह कायम राहिला. १९२१ साली त्यांचे खाजगी चिटणीस असलेले ई. एम. फॉर्स्टर यांनी १९५३ च्या आपल्या पुस्तकात त्यांच्याविषयी ममतेने लिहिले. परक्यांचे प्रेम मिळविणाऱ्या या पित्याचे पुत्र विक्रमसिंह मात्र १९२७ च्या अखेरीस देवास सोडून निघून गेले. महाराज १९३७ साली दूर पाँडिचेरीस वारले. आपण त्यांचा न्याय करू नये. पण आपल्या घराचा दरवाजा तपासावा.

शमुवेलानेही एलीचे घर पाहिले होते, तरी त्याचे पुत्र योएल व अबीया लाच खाऊ लागले. म्हणून कोणीही गर्व धरू नये. आणि ज्यांचे मूल दुरावले आहे त्यांना मंडळीने दोष देत बसू नये, त्यांच्याबरोबर गुडघे टेकावेत.

मग करावे काय? अनुवादाच्या सहाव्या अध्यायात घरी बसताना व वाटेने चालताना मुलांशी बोलण्याची आज्ञा आहे. तेथे फळा नाही, परीक्षा नाही. घरी आपण गुरुजी नव्हे, बाप व्हावे. बाई नव्हे, आई व्हावे. रोज अर्धा तास वह्या मिटून ठेवू या. मुलाला प्रार्थना हिंदीतून सुचली तर हिंदीतून करू द्या. देवाला दोन्ही कळतात. आपले चुकले असेल तर मुलाजवळ कबूल करू या. आपल्या मुलाची बातमी लोकांकडून कळण्याआधी त्याच्याच तोंडून ऐकू या.

हे प्रभो, दुसऱ्यांची लेकरे तू आमच्या हाती दिलीस. तुझ्या सेवेच्या नावाखाली आम्ही आमची लेकरे गमावू नये, अशी कृपा कर. आमेन.