वाटाड्याची गोष्ट

जुनी राजधानी पाहायला गेलेल्या माणसाला तिथे दोन वस्तू विकत घ्याव्या लागतात. एक तिकीट आणि दुसरी गोष्ट. तिकिटाचा दर फळ्यावर लिहिलेला असतो. गोष्टीचा दर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून ठरतो. विजापूर पाहिल्यापासून (२०१४ पासून त्याचे सरकारी नाव विजयपुरा झाले आहे, पण आमच्या घराच्या तोंडी विजापूरच) मला एक प्रश्न सोडत नाही. या दुसऱ्या खरेदीत माल खोटा निघाला, तर दोष कोणाच्या पदरी घालायचा?

गोल घुमटात हा प्रश्न उठत नाही. महंमद आदिलशहा १६५६ मध्ये वारला, त्याची ही कबर. चव्वेचाळीस मीटर व्यासाच्या त्या घुमटाखाली, सज्ज्यात उभे राहून पुटपुटलेला शब्द पलीकडच्या भिंतीशी ऐकू येतो. वाटाड्याने टाळी वाजवली की घुमट स्वतःच साक्ष देतो. नंतर तो रंभेची गोष्ट सांगतो : बादशहावरचे प्रेम सिद्ध करण्यासाठी ती नर्तकी म्हणे या सज्ज्यातून खाली उडी घेती झाली. बारा कमान अर्धी का राहिली, तर तिची सावली गोल घुमटावर पडली असती म्हणून! अशा गोष्टी प्रवासात शेंगदाण्यासारख्या असाव्यात. त्यांनी कोणाचे फारसे वाकडे होत नाही. उलट मलिक-इ-मैदान तोफेची एक खरी हकीकत आमच्या वाटाड्याने सांगितलीच नाही. १५४९ मध्ये अहमदनगरास ओतलेली ही सुमारे पंचावन्न टनांची तोफ १८५४ साली लिलावात दीडशे रुपयांना गेली होती. पुढे तो सौदा रद्द झाला म्हणून ती अजून बुरुजावर आहे. खरे हे कित्येकदा कल्पितापेक्षा गमतीचे असते, पण त्याला गिऱ्हाईक नाही.

माझा प्रश्न आहे तो गावाबाहेरच्या साठ कबरीचा. एका ओट्यावर ओळीने, एकाच घडणीच्या साठाहून अधिक कबरी. माथे सपाट, म्हणून त्या बायकांच्या, हे जाणकार ओळखतात. गोष्ट अशी : १६५९ साली अफझलखान शिवाजीमहाराजांवर निघाला, तेव्हा ज्योतिषाने सांगितले की तू परत येणार नाहीस. आपल्यामागे बायका दुसऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून खानाने त्या साऱ्यांना विहिरीत ढकलून मारले.

आमची मंडळी मराठी आहेत हे कळताच वाटाड्याचा आवाज चढला होता. खान मिशीवर ताव देऊ लागला, बायका हंबरडा फोडू लागल्या. मुले डोळे विस्फारून ऐकत होती. तेवढ्यात आमच्या आत्याबाईंनी विचारले, "त्यांची नावं काय रे होती, बाबा?"

"नावं कुठली, आज्जी? बायकांची नावं कोण लिहून ठेवतंय!" तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.

आत्याबाई बराच वेळ तिथेच उभ्या होत्या. त्या इतिहास शिकलेल्या नाहीत, पण नेमके बोट ठेवण्याची त्यांची खोड जुनी आहे. गोष्ट त्या बायकांची म्हणून सांगितली जाते, आणि तिच्यात त्यांचे काहीच नाही. त्या मेल्या आहेत त्या खान किती क्रूर होता हे आम्हांला पटावे एवढ्याचसाठी. खान आमचा शत्रू, तेव्हा आम्ही पुरावा मागत नाही. हाच आरोप आपल्यापैकी कोणावर असता, तर 'कागद दाखव' म्हणून आम्ही वाटाड्याला फैलावर घेतले असते. मेलेल्या शत्रूलाही खोट्या आरोपाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आहे, असे मला वाटते. तो स्वतः येऊन मागू शकत नाही, म्हणून तर तो आपण सांभाळायचा.

माझा भाचा हे मानत नाही. तो म्हणतो, "मामा, ही गोष्ट काढून टाका, आणि मग तिथे कोण जातंय बघा. ओट्याचे दगड लोक घरबांधणीला नेतील." हे मला खोडता येत नाही. त्या अनाम बायकांची कबर राखणारी पहारेकरीण कदाचित ती गोष्टच असेल. खरे बोलून कबरी गमवाव्या, की गोष्टीला हाती धरून त्या राखाव्या? यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. मी एवढेच मागतो की वाटाड्याने सुरुवातीला 'म्हणतात' हा एक शब्द घालावा आणि लगेच दुसरी, शंका न येणारी हकीकतही सांगावी : तिथूनच जवळ खानाने जिवंतपणी स्वतःसाठी बांधलेली कबर आहे, आणि ती रिकामी आहे. खान पुरला गेला तो प्रतापगडाच्या पायथ्याशी, महाराजांच्या आज्ञेने.

'म्हणतात' म्हटल्याने गोष्टीचा रंग थोडा उतरेल आणि बक्षिसी दहा-वीस रुपयांनी कमी होईल. वाटाड्याला घरी चूल पेटवायची असते. ही तूट त्याने का सोसावी? आत्याबाईंनी निघताना त्याला वेगळे पैसे दिले. कशाबद्दल, हे त्याने विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.